दारूचं किमान वय: जवानाला सूट, की सगळ्यांना एकच?

कळव्याचा माझा भाचा अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात; वय 20. रजेवर आला तेव्हा नाक्यावरच्या वाईन शॉपवाल्याने आधार कार्ड पाहून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. "मामा, रायफल चालते, बिअर चालत नाही?" त्याची आई म्हणते कायदा बरोबर आहे. मी मधल्या मध्ये.

जवानांना या वयातून सूट द्या म्हणणाऱ्यांची बाजू न्यायाच्या बाबतीत भक्कम आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअरला 21, कडक दारूला 25. अठराव्या वर्षी भरती झालेला पोरगा चार वर्षं पुरी करून घरी येतो, तरी व्हिस्कीला लहानच! गोव्यात मात्र 18 पुरतात.

पण हाच न्याय अमेरिकेत टिकला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ‘लढतो तर मतही देईल’ म्हणत 1971 मध्ये मताचं वय 18 झालं, अनेक राज्यांनी दारूचंही उतरवलं. रस्त्यावर कोवळी पोरं मरू लागली, तेव्हा 1984 च्या कायद्याने राज्यांना 21 वर आणलं. वर्दीने यकृत किंवा मेंदूतला ब्रेक लवकर पिकत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडला रात्री बाईक पाहिलीत तर पटेल.

अंमलबजावणी? युनिटमध्ये वरिष्ठांचा डोळा असतो. दुकानदाराला मात्र वेगळं ओळखपत्र तपासायची आणखी एक कटकट.

तेव्हा, समान वागणूक हवी असेल तर सूट द्या, पण फक्त युनिटच्या आत. रजेवरच्या पोराची काळजी असेल तर सगळ्यांना एकच वय बरं. भाच्याला मी कोकम सोडा पाजला. तोंड वाकडं करून प्यायला.