सूर्योदयाचा फोटो: ग्रेडेड एनडी फिल्टर की ब्रॅकेटिंग?

सूर्य डोंगरामागून वर येताना आकाश आणि जमीन यांच्या उजेडात सहज 4-5 स्टॉपचा फरक पडतो (1 स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). 3 स्टॉपचा सॉफ्ट ग्रेडेड एनडी फिल्टर (वर गडद आणि खाली हळूहळू पारदर्शक होत जाणारी काच) लावला की एकाच फ्रेममध्ये काम होतं. तळं किंवा माळरान असेल तर हाच बरा. पण क्षितिजावर सुळका किंवा झाड आलं की त्याचा शेंडा काळा पडतो. शिवाय काचेवर दव धरतं, म्हणून कोरडं कापड हाताशी हवंच.

ब्रॅकेटिंगला, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन नंतर जोडायला, ट्रायपॉड, एफ/11 अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 आणि 2-2 स्टॉपच्या अंतराने 3 फ्रेम. फक्त शटरस्पीड बदला. अ‍ॅपर्चर बदललं तर प्रत्येक फ्रेमची डेप्थ (पुढे-मागे किती भाग स्पष्ट दिसतो ते) वेगळी येते. वाऱ्याने गवत हललं की जोडलेल्या फोटोत पात्यांना दुहेरी कडा दिसतात. तरीही दातेरी डोंगररांगेसाठी ब्रॅकेटिंगच घ्यावं.