पपायरस फ्रेम करायचा असेल तर हरभट रोडच्या मागच्या बोळात जा

भाच्यानं कैरोहून आणलेला पपायरस, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या पानावरचं इजिप्ती चित्र, मी अकरा महिने सुती साडीच्या घडीत ठेवला होता. कुठल्याही फ्रेमवाल्याच्या हातात द्यायला जीव धजत नव्हता.

कारण आधी एकदा हात पोळलेत. वीसेक वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला राणी नेफरतारीचं चित्र असलेला पपायरस दिला होता. तो मी एका दुकानात टाकला, नाव घेत नाही. त्यांनी मागच्या बाजूला सगळीकडं पांढरा गोंद फासून तो हार्डबोर्डवर चिकटवला. दिसायला छान, ताठ. पहिल्याच पावसाळ्यात हार्डबोर्ड फुगला, पपायरसला हलायला जागा नव्हती, तो राणीच्या गळ्यापाशी आडवा फाटला. मग काळी बुरशी आली. सोडवायला गेले तर गोंदाबरोबर हार्डबोर्डचे पापुद्रे निघत होते. शेवटी तो तसाच टाकून दिला. त्या दिवसाचं वाईट आजही वाटतं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. सांगलीत कुणाकडं असं काही असेल, पपायरस, जुनी पोथीची पानं, आजीच्या हातचं कशिदाकाम, तर हे दुकान माहीत असावं.

दुकान हरभट रोडच्या मागच्या बोळात आहे. पाटीवरची अक्षरं पुरात पुसट झालीत, पण दारात देवांच्या तसबिरी उन्हाला उभ्या केलेल्या असतात, त्यावरून ओळखू येतं. मालक साठीच्या पुढचे. सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. आत दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत.

मी साडीची घडी उलगडली तेव्हा मामांनी आधी हात धुतले. पुसले. मग हात न लावता खाली वाकून बघितलं.

"बाई, हे कागद हाय का कापड?"

दोन्ही नाही, मी म्हटलं. महापुरातही तग धरणारं लव्हाळं सांगलीकराला वेगळं सांगायला नको. पपायरस त्याच्याच कुळातला, पण दोन पुरुष उंच वाढणारा. त्याचा दांडा तिधारी असतो. हिरवी साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गराच्या लांब पट्ट्या काढायच्या, पाण्यात भिजवायच्या, एक थर उभा आणि त्यावर एक थर आडवा मांडायचा, वजनाखाली दाबून वाळवायचा. झाडाच्या स्वतःच्या चिकानंच थर एकमेकांना धरतात. इजिप्तमध्ये ही कला पुढं पार विसरली गेली होती. १९६०च्या दशकात हसन रागाब यांनी ती पुन्हा उभी केली. आज पर्यटकांना पपायरस म्हणून केळीच्या सालीचे तुकडेही विकतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे उजेडासमोर धरायचा. मामांनी तो माझ्या हातात तसाच राहू देऊन दाराच्या उजेडाकडं वळवायला सांगितला. उभ्या-आडव्या शिरा जाडसर धोतराच्या विणीसारख्या स्पष्ट दिसल्या. "खरा हाय," ते म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की भाच्याला तिथूनच फोन केला.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "ही सगळी कुणाकडं चाललीत?"

तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. चित्रातली माणसं कुणीकडं तोंड करून आहेत हे मोठी माणसं विचारत नाहीत. इजिप्तच्या चित्रात तर तेच आधी बघायचं असतं. चित्रलिपीतले पक्षी आणि माणसं सहसा ओळीच्या सुरुवातीकडं तोंड करून असतात, त्यांच्या चेहऱ्याकडून वाचायला लागायचं.

माझ्या पपायरसवर मेल्यानंतर माणसाचं हृदय तोलण्याचा प्रसंग आहे. मूळ चित्र ह्यूनेफर नावाच्या लेखनिकाच्या पपायरसवरचं, इसवी सनापूर्वी १२७५च्या सुमाराचं, राजा सेती पहिला याच्या काळातलं. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डावीकडून कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस ह्यूनेफरचा हात धरून आणतो. मधे तराजू. एका पारड्यात ह्यूनेफरचं हृदय, दुसऱ्यात मात या देवीचं पीस, म्हणजे सत्याचं आणि ऋताचं. पलीकडं पक्ष्याच्या तोंडाचा थोथ लेखणी घेऊन निकाल टिपतोय. आपल्याला चित्रगुप्त आठवावा असाच. जवळच अम्मित वाट बघतेय: तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय जड निघालं तर तिचं भक्ष्य. पिसाच्या तोलाचं निघालं तर होरस देव त्याला पुढं मृतांचा राजा ओसायरिस याच्यासमोर नेतो. ममी करताना मेंदू काढून टाकायचे पण हृदय छातीतच ठेवायचे, ते या हिशेबासाठी. बुद्धी, आठवण, नियत सगळं हृदयात, अशी त्यांची श्रद्धा. आणि त्या हृदयानं आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून मंत्र कोरलेला दगडी भुंगा छातीवर ठेवायचे. आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्यावर उलटू नकोस, अशा अर्थाचा तो मंत्र. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा रात्रभर झोप नव्हती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्याच मनाची भीती वाटत होती.

मामांनी तराजूखाली गुडघा टेकलेल्या दुसऱ्या अनुबिसवर बोट धरलं, न टेकवता. "हा ओळंबा बघतोय."

खरंच. तराजूच्या दांडीला लोंबणारा ओळंबा तो हातानं स्थिर करतोय. मी हे चित्र कितीदा पाहिलंय, मुलांना चौकटी आखून काढायला लावलंय. उभ्या माणसाचे तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकोन, हे त्यांचं प्रमाण मी फळ्यावर आखून दाखवते. पण ओळंबा हा शब्द माझ्या तोंडून कधी आला नव्हता. ज्याच्या हाताखाली रोज ओळंबा असतो त्याला तो आधी दिसला.

तिसरा प्रश्न कामाचा होता: "चिकटवायचं का टांगायचं?" म्हटलं, टांगायचं, आणि उद्या सोडवायचं झालं तर इजा न होता सुटलं पाहिजे. मी मागच्या फ्रेमची गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली. "मग गोंद नको. खळ लागंल."

इथं मला बोलायला जागा मिळाली. संग्रहालयातली माणसं जुने कागद आणि पपायरस जोडायला गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात, कारण ती पाण्यानं पुन्हा सुटते. आणि गव्हाचं सत्त्व म्हणजे आपला कुरड्यांचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, पिळून चोथा काढायचा. चोथ्याबरोबर चिवट भाग निघून जातो. खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व उरतं. दरवर्षी उन्हाळ्यात मी ते करते आणि थोडं वाळवून डब्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी वाटीभर घेऊन गेले. मामांनी दुकानातल्या स्टोव्हवर चार वाट्या पाण्यात ते शिजवलं, एका दिशेनं ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. गार केलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं, मग ब्रशनं घोटलं. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात पपायरसची पानं जोडायची खळ लिहून ठेवलीय: उत्तम पीठ, उकळतं पाणी आणि थेंबभर व्हिनेगर. मी ते सांगितल्यावर मामा म्हणाले, "व्हिनेगर कशाला, किडं लागू नयेत म्हणून आसंल." असेलही.

माझ्याकडचा पातळ जपानी टिश्यू कागद त्यांनी कापला नाही, फाडला. ओल्या ब्रशची रेघ ओढायची आणि हलकेच ओढायचं, कडेला तंतू सुटे राहतात. त्या तंतूंमुळं जोड उठून दिसत नाही आणि कड रुतत नाही. असे दोन छोटे तुकडे फक्त वरच्या कडेला, मागून. बाकीच्या तीन कडा मोकळ्या. सांगलीच्या पावसाळ्यात तो फुगेल, उन्हाळ्यात आक्रसेल, त्याला हलायला जागा आहे. खळ लावल्यावर मधे मलमल ठेवून वर काचेचा तुकडा आणि त्यावर पितळी वजन ठेवलं. वीस मिनिटं कुणी बोललं नाही.

मागं हार्डबोर्ड नाही, आम्ल नसलेला सुती माउंटबोर्ड. तो दुकानात नव्हता, कोल्हापूरहून मागवला. काच आणि पपायरसमध्ये चार मिलिमीटरची फट राहावी म्हणून कडेनं आतून पट्टी बसवली. काच टेकली की दमटपणा धरतो आणि बुरशी येते. पपायरसची कड कापून सरळ करायची का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. या कडा माउंटखाली झाकायच्याही नाहीत, त्या तंतुमय कडांवरच तर तो पपायरस आहे हे कळतं. अनी नावाच्या इजिप्ती लेखनिकाच्या प्रसिद्ध पपायरसची गोष्ट सांगितली: चोवीस मीटरच्या आसपास लांबीची ती अखंड गुंडाळी १८८८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांच्या हाती आली आणि त्यांनी ती कापून सदतीस तुकडे केले. मामा बराच वेळ कातरीकडं बघत राहिले. मग ती त्यांनी खणात ठेवली.

फ्रेमची पट्टी सागवानी, काळी पॉलिश. सोनेरी नक्षीची त्यांनी आधी दाखवली होती. सोन्याच्या देशाला सोनेरी, असं त्यांचं म्हणणं. पण इजिप्तचे लोक आपल्या देशाला केमेत म्हणायचे, काळी भूमी, नाईलच्या पुरानं दरवर्षी आणून टाकलेल्या गाळामुळं. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच काळी काढली. मग पुराच्या गप्पा निघाल्याच. नाईलवर पाणी मोजायला पायऱ्या आणि खांब बांधलेले होते, एलिफंटाइन बेटावर, पुढं कैरोच्या रोडा बेटावर. बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, सोळा हात म्हणजे आनंदीआनंद, असा हिशेब प्लिनीनंच लिहिलाय. तिथं पूर यावा म्हणून देवाला साकडं घालायचे. अस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पुरं झालं आणि तो पूर थांबला. "आमचा आयर्विन पूल पंचेचाळीस फुटाला धोका सांगतो," मामा म्हणाले. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. या दुकानात ते छतापर्यंत होतं.

इजिप्तच्या श्रद्धेप्रमाणं हृदय तोलताना मृतात्म्यानं बेचाळीस देवांच्या सभेत मी हे केलं नाही, ते केलं नाही असं सांगायचं असतं. त्या यादीत एक आहे: वाहत्या पाण्याला मी बांध घातला नाही. मामांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं. "पाण्याचं बी विचारायचे," एवढंच बोलले.

आता तक्रारी. चार दिवसांत देतो म्हणाले, अकरा दिवस लागले. माउंटबोर्डसाठी मी थांबायला तयार होते, पण फोन करून कळवायला हवं होतं. अतिनील किरण अडवणारी काच त्यांच्याकडं नाही, साधीच बसवली. त्यामुळं मी फ्रेम पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, जिन्याच्या सावलीतल्या भिंतीला लावलीय. पावती मागितली तर कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिली. घरी आणल्यावर काचेच्या आत अम्मितच्या आयाळीपाशी लाकडाच्या भुशाचा एक कण दिसला. परत नेली. त्यांनी मागचे खिळे उपसून, पुसून, पुन्हा बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. एकूण २,२५० रुपये झाले. साध्या फोटोफ्रेमच्या मानानं जास्त वाटेल. मला वाटलं नाही.

काच कापायच्या दिवशी मी आत बाकावर बसले होते. हिरकणीचा करकर आवाज चालू होता. समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत फोटो लावलेत, फेटेवाले, नऊवारीतल्या आज्या, एक शाळकरी मुलगा. काहींवर पाण्याची रेघ अजून दिसते. मी विचारलं, हे कुणाचे? पुराच्या आधी गिऱ्हाईकांनी फ्रेमला टाकलेले, नंतर कुणी न्यायला आलं नाही. मामांनी चिखलातून काढले, एकेक धुऊन सावलीत वाळवले, नव्या फ्रेमा घातल्या. मागं पेन्सिलीनं नाव आणि गाव लिहिलंय, जेवढं आठवलं तेवढं.

इजिप्तमध्ये थडग्याच्या दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनंती कोरलेली असायची की आमचं नाव उच्चारा, एक हजार भाकरी आणि एक हजार घागरी बीअर असं नुसतं तोंडानं म्हणा, तुमचा श्वासच आम्हाला पुरेल. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस आहे. मी मामांना ते सांगितलं. त्यांनी काच खाली ठेवली, एक फोटो भिंतीवरून उतरवला, उलटा केला आणि मला वाचायला दिला. मग दुसरा.

तुमच्या घरचा कुणाचा फोटो २०१९च्या पावसाळ्याआधी हरभट रोडकडं फ्रेमला टाकला असेल तर एकदा जाऊन बघा. दुकान गुरुवारी बंद असतं. बाकी दिवशी सकाळी अकरानंतर.