अमानत जपायला शिकवणारे मोहल्ल्यातील बालवाचनालय

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मोहल्ल्यात जमातीने मक्तबच्या (मुलांच्या धार्मिक शाळेच्या) एका खोलीत मुलांसाठी मोफत वाचनालय चालवले आहे. पुस्तकांचा संग्रह साधारण आहे. विज्ञानाची पुस्तके फार कमी असून उर्दू गोष्टींच्या बऱ्याच प्रतींची बांधणी सैल झाली आहे. तरीही पालकांनी मुलांना येथे आवर्जून पाठवावे, कारण उसनी आणलेली वस्तू, म्हणजे विश्वासाने हाती दिलेली अमानत, कशी सांभाळावी याचे शिक्षण येथे देवघेवीच्या पद्धतीतूनच मिळते.

पुस्तक देताना वाचनालय सांभाळणाऱ्या आपा मुलासमोर पाने उलटतात आणि आधीचे डाग, फाटलेल्या कडा, सुटलेली पाने त्याच्याच हाताने वहीत नोंदवून घेतात, त्यामुळे परतीच्या वेळी वादाला जागा उरत नाही. पुस्तक मुलानेच परत आणायचे असते. अम्मीच्या पिशवीतून आलेले स्वीकारले जात नाही. ते मित्राला परस्पर देण्याचीही मुभा नाही, आणि हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उसन्या वस्तूवर आपला हक्क वापरापुरताच असतो, याचे भान मोठ्यांनाही अनेकदा राहत नाही.

पुस्तक हरवले तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून द्यावी लागते. कोकणातील मुसलमान बहुतांश शाफई पंथशाखेचे आहेत, आणि शाफई फिकहनुसार (धर्मनियमांच्या शास्त्रानुसार) उसनी वस्तू नेहमीच्या वापराबाहेर बिघडली वा हरवली, तर हयगय झालेली नसली तरी भरपाई द्यावी लागते. हनफी या दुसऱ्या शाखेच्या फिकहमध्ये निष्काळजीपणा नसेल तर ती लागू होत नाही. आपा हा फरक मोठ्या मुलांना नीट समजावून देतात. 622 साली हिजरत (मक्केहून मदिनेला स्थलांतर) करताना हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) मक्केतील लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी आपले चुलतभाऊ हजरत अलींना मागे ठेवले होते, हा प्रसंगही त्या सुंदर सांगतात, ज्या शहरात आपल्या जिवावर उठलेले लोक होते, तेथील ठेवीही परत झाल्याच पाहिजेत, हे ऐकताना मुले अगदी गुंग होतात.

दोन गोष्टी मात्र बदलायला हव्यात. उशिराचा दंड पैशांत घेतला जातो आणि तो अब्बा भरतात, म्हणून मुलाला त्याची काहीच झळ लागत नाही. त्याऐवजी सैल झालेल्या पुस्तकांना कव्हर घालण्याचे काम मुलाला द्यावे. दुसरे म्हणजे, अमानतीत खियानत (विश्वासघात) करणे ही मुनाफिकाची, म्हणजे ढोंगी माणसाची, खूण असल्याची हदीस (पैगंबरांचे वचन) पान फाडणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ऐकवणे मला पटत नाही, कारण ती जाणूनबुजून केलेल्या विश्वासघाताविषयी आहे आणि घाबरलेले मूल पुढच्या वेळी फाटलेले पान लपवते. पैगंबरांच्या घरात दुसऱ्या घरून आलेले भांडे फुटले, तेव्हा त्यांनी स्वतः तुकडे गोळा केले आणि त्याच्या बदल्यात धड भांडे पाठवले. लहान मुलांना हा प्रसंग आधी सांगावा.

वाचनालय असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजपर्यंत उघडे असते. पहिल्या दिवशी पालकांनी सोबत जावे आणि नोंद करताना बाहेर थांबावे.