ट्रूनॅट: मशीन ऊन सोसतं, किट सोसत नाही

नागपूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टीबीच्या जलद तपासणीसाठी मशीन ठेवायचं, तर आमचा कौल ट्रूनॅटला. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. टीबी तपासणारं दुसरं मशीन म्हणजे जीनएक्सपर्ट, त्याला ३० अंशांच्या आतली खोली आणि न जाणारी वीज हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उमरेड-काटोलकडे हे दोन्ही सांभाळणं कठीण. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि खोलीतला पारा ४० अंशांच्या आत असला की काम करतं.

किटचं, म्हणजे तपासणीच्या चिप आणि रसायनांचं, मात्र वेगळं. ते २ ते ३० अंशांतच ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात फ्रिज आलाच. चिपच्या पाकिटातल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग उडाला असेल, तर ती चिप वापरू नये. आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर पाकीट फोडू नका. आत वाळवलेलं रसायन आहे, ते ओल धरतं.

आता काम. बेडख्याच्या डबीत तो पातळ करणाऱ्या द्रवाचे (लिक्विफॅक्शन बफर) २ थेंब टाकून १० मिनिटं थांबायचं. पातळ झालेला ०.५ मिली बेडखा जंतू फोडणाऱ्या द्रवाच्या (लायसिस बफर) बाटलीत, वर लिक्विफॅक्शन बफरचे आणखी २ थेंब, ३ मिनिटं. मग सगळं ट्रूप्रेपच्या, म्हणजे डीएनए काढणाऱ्या जोडयंत्राच्या, कार्ट्रिजमध्ये. सुमारे २० मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातला ६ मायक्रोलीटर मायक्रोट्यूबमध्ये, तिथून ६ मायक्रोलीटर चिपवर. पुढे पाऊण तासाच्या आत निकाल. टीबी निघाला, तर त्याच डीएनएवर रिफाम्पिसिनची चिप लावायची, म्हणजे टीबीचं हे मुख्य औषध लागू पडेल का ते कळतं. तिला अजून तासभर.

चुका होतात त्या बहुतेक इथेच. घाईत घट्ट बेडखा ओढला की माप चुकतं. चिपच्या खळग्यात बुडबुडा राहिला की निकाल बाद. जीनएक्सपर्टमध्ये नमुना एकदा कार्ट्रिजमध्ये ओतला की हात मोकळे. इथे पिपेट धरणारा हातच महत्त्वाचा. प्रशिक्षित टेक्निशियनचं पद रिकामं असेल, तर मशीन मागवून उपयोग नाही.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट सुटते. ट्रूनॅटचं एका वेळी चार चिप चालवणारं, चार खणांचं क्वाट्रो घेतलं तरी एक ट्रूप्रेप एका वेळी एकच नमुना तयार करतं, तासाला फार तर तीन. दोन खणांचं ड्युओ बहुतेक केंद्रांना पुरतं.

सूक्ष्मदर्शकाला मिलीलीटरमागे ५ ते १० हजार जंतू लागतात, ट्रूनॅट त्याहून कितीतरी कमी जंतूंवर ओळखतं. पण डबीत नुसती लाळ आली तर तेही काय करणार! २ ते ५ मिली, खोलवर खोकून काढलेला, शक्यतो सकाळचा बेडखा हवा. तो मोकळ्या हवेत द्यायला सांगा.

आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाचा प्रतिरोध या दोन चिपमधून कळत नाही, त्यासाठी नमुना वरच्या प्रयोगशाळेत एलपीए (लाइन प्रोब अ‍ॅसे) या तपासणीला पाठवावा लागतो. औषधं सुरू असलेल्या रुग्णाचा फरक बघायलाही हे वापरू नये, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखालची जुनी स्लाइडच बरी. अहवाल निगेटिव्ह, पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन घटतंय? मग छातीचा एक्स-रे काढा आणि नवा नमुना घ्या.

वापरलेल्या चिप ताज्या हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवूनच फेकाव्यात. सरकारी केंद्रात रुग्णाला तपासणी मोफत आहे.