घरी बिअर बनवायचं किट: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या लोकांची सोय होईल. किट घ्यायला हरकत नाही. बिअर होते आणि पाहुण्यांसमोर ठेवता येईल इतकी बरी होते. पण खोक्यावर ‘लागणारं सगळं आत आहे’ असं छापलंय, ते निम्मंच खरं. चांगली बिअर आणि ‘झाली एकदाची’ बिअर यांच्यात फरक पाडतं ते तापमान, आणि ते ताब्यात ठेवायची काहीच सोय खोक्यात नाही.

आत काय मिळतं? तोटी असलेली मोठी प्लॅस्टिकची बादली, घट्ट बसणारं झाकण, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी), हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती काचेची नळी), बादलीला बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी, बाटल्यांना बूच बसवायचा दोन दांड्यांचा कॅपर, बुचं, सॅनिटायझरचं पाकीट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधीच घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या आटवलेल्या गोड रसाचा, १.७ किलोचा डबा. डब्याच्या झाकणाखाली यीस्टची पुडी. यात एक किलो साखर घालायची, पाणी घालून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरवायचं, झाकण लावायचं. पुस्तिकेच्या मते झालं काम. एक्स्ट्रॅक्ट मधापेक्षा दाट असतो आणि डब्याच्या बुडाशी हट्टानं चिकटून बसतो. डबा थोडा वेळ गरम पाण्यात उभा ठेवला की मुकाट्यानं ओघळतो.

स्वच्छतेबद्दल सगळेच बजावतात, त्यामुळे थोडक्यात. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळ असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर चालत नाही. किटमधली पूड बरी होती, पण ती वापरल्यावर भांडी पुन्हा खळखळून धुवावी लागतात. पाकीट संपल्यावर मी फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता चालणारं सॅनिटायझर आणलं. त्याचा फेस बादलीत राहिला तरी बिअरला काही होत नाही. आतून घासणी मात्र कधीच फिरवू नका, मऊ फडकंच वापरा. प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्यात जंतू घर करतात आणि मग कितीही सॅनिटायझर ओता. तोटी दर वेळी पूर्ण खोलून धुवायची. हे पुस्तिकेत कुठेच नाही. तोटीच्या फिरकीमागे जुन्या बिअरचा जो बुळबुळीत थर साचतो, तो एकदा पाहिला की आळस आपोआप जातो.

आता मुख्य मुद्दा. पुस्तिकेत आंबवण्यासाठी तापमानाची जी मर्यादा दिली आहे ती भलतीच ऐसपैस आहे. एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सियसला नीट काम करतं. त्याच्या बरंच वर गेलं तरी ते मरत नाही, उलट जोमानं कामाला लागतं, आणि तिथेच घोटाळा होतो. गरम बादलीत यीस्ट जड अल्कोहोल आणि फळांच्या वासाची एस्टर जास्त तयार करतं. माझ्या पहिल्या बॅचला थिनरसारखी झाक होती आणि दोन ग्लासांत कपाळ चढत होतं. पुस्तिकेतल्या मर्यादेच्या आतच सगळं केलं होतं, हे विशेष. दुसरी गोष्ट अशी की आंबण्याची प्रक्रिया स्वतः उष्णता सोडते. जोर असतो त्या दिवसांत बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी सहज वर असतं. म्हणून खोलीतला थर्मामीटर बघून समाधान मानू नका, बादलीवरची पट्टी बघा. ती बऱ्यापैकी खरं सांगते.

उपाय साधा आहे. बादली पाण्यानं भरलेल्या मोठ्या टबात ठेवायची, तिला जुना सुती टीशर्ट घालायचा, त्याची खालची कड पाण्यात बुडती ठेवायची आणि पंखा लावायचा. कापड पाणी वर ओढत राहतं आणि वाळता वाळता बादली थंड करतं. फार गरम असेल तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात सोडायच्या, सकाळी आणि रात्री बदलायच्या. पहिले तीन-चार दिवस हे नेमानं केलं तर पुढे फारशी चिंता नाही, कारण वाईट चवी बहुतेक याच दिवसांत तयार होतात. शेवटी तापमान अंश-दोन अंश वाढू दिलं तर उलट चांगलंच, यीस्ट स्वतःचा पसारा आवरून जातं. लोण्यासारखा वास देणारा डायअसेटिल आणि हिरव्या सफरचंदाच्या वासाचा ॲसिटाल्डिहाइड यीस्टच परत शोषून घेतं. म्हणूनच घाईनं बाटलीत भरलेली बिअर कच्ची लागते.

यीस्टच्या पुडीबद्दलही तक्रार आहे. ती लहान आहे, जेमतेम सात ग्रॅमची, आणि दुकानात डबा किती महिने कुठल्या उष्णतेत पडून होता याचा पत्ता नाही. आता मी एल यीस्टचं ११.५ ग्रॅमचं वेगळं पाकीट घेतो आणि ते फ्रिजमध्ये ठेवतो. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्याआधी बिअर बनवणारे मोठेमोठे लोकही बॅच बिघडली तर नशिबाला बोल लावत. शुद्ध यीस्टचं पाकीट आज आयतं मिळतंय, तर तिथे काटकसर कशाला?

झाकण लावल्यानंतरचे पहिले बारा ते चोवीस तास काहीच घडत नाही. घाबरू नका. मग वर तपकिरी डाग असलेला दाट फेस चढतो, काही दिवसांनी बसतो आणि बादलीच्या आत मळकट कडं सोडून जातो. पाहून किळस येते, पण ते अगदी नॉर्मल आहे. बिघडलेली बॅच वेगळी ओळखू येते: पृष्ठभागावर पांढरी सुरकुतलेली साय आणि आंबट वास. एअरलॉकच्या बुडबुड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. माझ्या किटचं झाकण कडेनं किंचित गळतं, त्यामुळे एका बॅचमध्ये एअरलॉक जवळजवळ गप्पच होता आणि आत बिअर मजेत तयार होत होती. उलट, थांबलेले बुडबुडे तापमान वाढलं की पुन्हा सुरू होतात, कारण विरघळलेला वायू बाहेर पडतो.

खरं काय चाललंय ते फक्त हायड्रोमीटर सांगतो. खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि सगळ्यात नाजूकही. नमुना काढायचा, हायड्रोमीटर त्यात सोडून बोटांनी एक गिरकी द्यायची. गिरकी का, तर काचेला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा खोटा येतो. मग डोळे पाण्याच्या पातळीत आणून, काचेलगत चढलेली कड सोडून खालची रेघ वाचायची. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात, तेव्हा गरम वर्टमध्ये (अजून न आंबलेल्या गोड रसात) घालून आकडा लिहू नका. या किटच्या साध्या बॅचला सुरुवातीला १.०३८ च्या आसपास आकडा येतो आणि शेवटी १.००८ च्या जवळ. फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी, म्हणजे चार टक्क्यांच्या जवळपास. आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घेऊन तोच राहिला, तरच बाटल्या काढायच्या. पुस्तिका म्हणते आठवडाभरात भरा. मी दोन आठवडे बादलीला हात लावत नाही. आणि तो नमुना फेकू नका, प्या. कोमट, बिनगॅसची, पण बिअर कुठे चाललीय ते कळतं.

बाटल्या भरणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. बाटलीत गॅस यावा म्हणून थोडी साखर घालायची असते. पुस्तिकेत प्रत्येक बाटलीला चमचा सांगितलाय. त्यानं एक बाटली शिळ्या सोड्यासारखी निघते आणि दुसरी उघडताच छताकडे झेपावते. त्यापेक्षा लिटरला सहा ग्रॅमच्या हिशेबानं साखर तोलून थोड्या पाण्यात उकळायची, दुसऱ्या स्वच्छ बादलीत घालायची आणि बिअर नळीनं हळूच त्यावर सोडायची. नळीचं टोक तळाशी ठेवा. बिअर खळखळली की तिच्यात हवा मिसळते आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. अर्थात यासाठी लागणारी दुसरी बादली आणि नळी किटमध्ये नाही, वेगळी घ्यावी लागते. कंपनीनं ती दिली असती तर किंमत थोडी वाढली असती, पण तक्रारी निम्म्या झाल्या असत्या.

बाटल्या तपकिरी आणि जाड काचेच्याच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश गेला की हॉप्समधली कडवट द्रव्यं फुटून घाण वास येतो. फिरवून उघडायच्या झाकणांच्या बाटल्यांवर हा कॅपर नीट बूच बसवत नाही. आंबणं पूर्ण व्हायच्या आत भरलेली बाटली म्हणजे चक्क बॉम्ब, काच फुटून उडते. म्हणून दर बॅचला एक बाटली मी प्लॅस्टिकची भरतो. ती दाबून बघायची. दगडासारखी टणक झाली की बाकीच्यांमध्येही गॅस भरला असं समजायचं. याला खोलीच्या तापमानात दोन-तीन आठवडे लागतात, त्यानंतरच फ्रिज.

सगळे विचारतात तो प्रश्न: यानं डोळे जात नाहीत ना? नाही. माल्ट आंबवून घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. ऊर्ध्वपातनानं दारू काढणं हा वेगळा आणि धोक्याचा उद्योग आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांच्यापुढे रोगजंतू बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. बिघडली तर चव बिघडते. घरी बिअर बनवायला परवानगी आहे का, हे मात्र देशागणिक बदलतं, ते आधी बघून घ्या.

पहिल्या बॅचनंतर मी एकच बदल केला असता तर तो साखरेचा. एक किलो साखरेऐवजी एक किलो कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातला की बिअरला अंग येतं, फेस टिकतो आणि ती पाणचट, सायडरसारखी (सफरचंदाच्या दारूसारखी) लागत नाही. शेवटचा आकडा थोडा वर राहतो, तेवढंच. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून गार केलेलं बरं, नाहीतर औषधी पट्टीसारखी चव येते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामिन घालतात, ते मात्र उकळून नीट जात नाही, त्याला कॅम्पडेनची (सल्फाइटची) गोळी लागते.

टिकाऊपणाचं म्हणाल तर बादली अजून ठीक आहे. कॅपरचा एक दांडा ढिला झालाय, पण चालतो. एअरलॉकभोवतीचं रबर कडक होऊन चिरलं आणि तोटीचं वॉशर गळू लागलं. दोन्ही वस्तू किरकोळ, पण ऐन बॅच चालू असताना गळती लागली तर बादली रात्रभर तिरकी धरून बसावं लागतं. पहिल्याच ऑर्डरमध्ये दोन्हींचा एकेक जादा नग मागवा, आणि हायड्रोमीटरचाही.