कमोडची खुर्ची, वर्षभर वापरल्यावर

खुर्ची माझ्यासाठी नाही, आत्याबाईंसाठी घेतली. पण उचलणं, धुणं, पुसणं माझ्याकडं आहे, म्हणून लिहायलेय मी.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 74. दोन्ही गुडघे गेलेत. आम्ही औसा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. अंगणात संडास आहे, स्वच्छ भारतच्या 12 हजारांत आपले थोडे घालून बांधलेला. आत देशी भांडं. म्हाताऱ्या माणसाला अंधारात पांदीला जावं लागू नये म्हणून बांधला, आणि त्याच माणसाला त्यात बसता येईना. बसल्या तर उठता येईना. दाराच्या कडीला जुनं लुगडं बांधलं होतं, ते धरून उठायच्या. एकदा गाठ सुटली. बांधकाम झाल्यावर फोटो काढायला साहेब आले होते. भिंतीला एक दांडी ठोका, असं त्यांनी सुचवलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नाही.

पडल्यापासून त्यांनी संध्याकाळची भाकर अर्धी केली. चारनंतर पाणी बंद. विचारलं तर, "भूकच नाही गं." मला कळायला दोन महिने गेले. घरातल्या पुरुषांना मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

पैसे मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर 3 हजार रुपये, एकदाच, थेट खात्यात. त्यातून चष्मा, कानाचं यंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, असलं काही घ्यायचं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री 2017 पासून आहे, तिच्यात शिबिर भरतं, माणसाला तपासतात आणि वस्तूच देतात. राज्यानं 2024 मध्ये रोख द्यायचं ठरवलं. रोख मला बरी वाटते, आपल्याला लागतं ते घेता येतं. पण मग दुकानात आपल्या माणसाची उंची, वजन कोण विचारतंय? ते आपणच सांगायचं.

अर्जाचं फार सांगत नाही, आमच्या आशाताईनं भरून घेतला. अडलं ते बोटांवर. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लागेनात. आधार जोडायला बँकेत तीन चकरा झाल्या, चौथ्यांदा डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागलं. आत्याबाईंना श्रावणबाळचे महिन्याला 1500 येतात, त्याच खात्यात हे पैसे जमा झाले. ते 1500 गोळ्यांतच जातात, त्यामुळं हे 3 हजार नसते तर खुर्ची आली नसती, एवढं कबूल करते.

लातूरला सर्जिकलच्या एका दुकानात घेतली. 2,500 सांगितले. पक्कं बिल मागितलं की 2,650 झाले. बिल घ्याच, 30 दिवसांत पोर्टलवर टाकावं लागतं.

घडीची खुर्ची, लोखंडी नळ्या, काळं रेक्झिन, मधे भोक, खाली डबा. आठ दिवस आत्याबाई फिरकल्याच नाहीत. "पाटलासारखं खुर्चीत बसून करायचं व्हय?" मग मुद्द्याचं बोलल्या, "डबा तू धुवायलीस. सुनेच्या हातून हे करून घेण्यापेक्षा मेलेलं बरं." मी कितीही म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी डबा काढून टाकला आणि खुर्ची संडासातल्या भांड्यावरच ठेवायची ठरवलं.

तिथं खरी गंमत. दार आतून साडेएकवीस इंच, खुर्ची बावीस. घडी केली म्हणून आडवी आत गेली, नाहीतर अर्ध्या इंचासाठी परत लातूर. आत गेली तर भांड्याच्या पायठणीवर, म्हणजे पाऊल ठेवायच्या जागेवर, तिचे पाय डगमगायले. गवंडी बोलावला, बाजू सारखी करून घेतली, भिंतीत नळाचा पाइप दांडी म्हणून बसवला. 700 त्यालाच गेले.

तेव्हापासून मात्र काम चोख. उंची पायांवरच्या खटक्यांनी बदलते. दुकानदारानं सगळ्यात वर लावून दिली होती, आत्याबाईंचे पाय लोंबायले. दोन खटके खाली घेतल्यावर तळवे टेकले आणि उठताना जोर मिळायला लागला. संध्याकाळची भाकर आता पुरी खातात, वर ठेचाही मागतात.

तक्रारी आहेत. पायांचे रबर तीन महिन्यांत झिजले, ओल्या फरशीवर खुर्ची सरकायला लागली. काठीचे रबर मिळतात ते बसवले, 40 रुपयांत चार. रेक्झिन सहाव्या महिन्यात उसवलं, माझं शिलाईचं मशीन आहे म्हणून निभावलं. आणि आता नळ्यांच्या वेल्डिंगजवळ गंज धरलाय. संडासात रोज पाणी पडणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक नाही काय? हजारभर जास्तीचे असतील तर स्टेनलेसची घ्या.

पाचपैकी साडेतीन देईन. चष्म्याचं मात्र राहिलंच. यादीत चष्मा आहे, पण पैसे एकदाच मिळतात आणि ते संपले. आत्याबाई म्हणतात, दिसायला काय राहिलंय आता.

परवा शेजारच्या काकू त्यांच्या सासऱ्यांसाठी विचारायला आल्या. मी मशीनच्या खणातला टेप काढून दिला, म्हटलं आधी दार मोजून या.