ब्रायंट आधी वाचू की पो?

अमेरिकन रोमँटिक कविता (प्रेमाची नव्हे, निसर्ग, भावना आणि कल्पनेला मोठं मानणारी) वाचायचीय पण सुरुवात कुठून करू ते ठरत नाहीये, असं असेल तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे, विल्यम कलन ब्रायंट की एडगर ॲलन पो. त्यांच्याही आधीची फिलिप फ्रेनोची 'द वाइल्ड हनी सकल' आहे, 1786 ची, रानात कुणाच्या नजरेस न पडता फुलणाऱ्या फुलावरची, 24 ओळींचीच आहे, ती जाता जाता वाचून टाका.

ब्रायंट म्हणजे मोकळं आभाळ. 1815 चा डिसेंबर, मॅसॅच्युसेट्समध्ये एकवीस वर्षांचा पोरगा वकिलीचा जम कुठे बसेल या काळजीत पायी चाललाय, आणि मावळतीच्या लाल उजेडात एकच पक्षी लांब उडत जाताना दिसतो. त्यातून 'टू अ वॉटरफाउल', म्हणजे एका पाणपक्ष्याला, ही कविता आली. हिच्या प्रत्येक कडव्यात पहिली आणि शेवटची ओळ आखूड, मधल्या दोन लांब, मोठ्याने वाचलं की आवाज पंखांसारखा उघडतो आणि मिटतो, खरंच करून बघा. पक्षी दिसेनासा होतो आणि कवी म्हणतो, याला जो वाट दाखवतो तो मलाही दाखवेल. नोकरीधंद्याचं काहीच धड नसताना हे वाचलं की फार धीर येतो.

ब्रायंटचीच 'थॅनाटॉप्सिस' मात्र पहिली घेऊ नका. मोठी कविता आहे, पण यमक नाही, वाक्यं लांबलचक, विषय मरण, दम लागतो. ती 1817 मध्ये छापली गेली तेव्हा आजची सुरुवात आणि शेवट तिला नव्हताच, ते 1821 च्या पुस्तकात आले, त्यामुळे वाचायची तर नंतरचीच.

पो म्हणजे बंद खोली. त्याची 'द रेव्हन', म्हणजे डोमकावळा, जानेवारी 1845 ची, 18 कडवी. प्रेयसी लेनोर गेलेला एक माणूस रात्री खोलीत एकटा आहे आणि हा कावळा आत येतो. लोक अंधार, भीती, जांभळे पडदे यावरच बोलत बसतात, पण खरी जागा वेगळी आहे. कावळ्याला एकच शब्द येतो, 'नेव्हरमोअर', म्हणजे आता कधीच नाही. आधी तो माणूस सहज, हसत नाव विचारतो. मग विचारतो माझ्या दुःखावर काही औषध आहे का, मग विचारतो गेलेली लेनोर मला स्वर्गात तरी भेटेल का. उत्तर काय येणार हे त्याला आता पक्कं माहीत आहे आणि तरी तो जास्तीत जास्त दुखेल असाच प्रश्न निवडतो! पोने 1846 च्या निबंधात हे स्वतःच उलगडून सांगितलंय. ज्याचं जवळचं कुणी गेलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर शब्द दोघांचेही जुने. ब्रायंटला डिक्शनरी घेऊन, थांबत थांबत वाचता येतं. पोला मध्येच थांबलात तर मजा गेली, ओळीच्या पोटातली यमकं एकामागून एक आदळायला हवीत, अर्थ नंतर बघा.

परीक्षेसाठी निसर्ग आणि रोमँटिसिझम एवढंच हवं असेल तर ब्रायंट पुरेल. आवडीने वाचणार असाल तर मी म्हणेन संध्याकाळी आधी 'वॉटरफाउल', 32 ओळी आहेत, आणि त्याच रात्री 'रेव्हन', मोठ्याने. 'रेव्हन' लांब वाटली तर पोची 1849 ची 'ॲनाबेल ली' घ्या, तीसुद्धा मोठ्यानेच.